'एरिया कसा आहे?'

मुंबईत घर विकत घ्यायला निघालेल्या मुसलमानाला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. पहिला प्रश्न इस्टेट एजंट विचारतो, 'नाव काय?' दुसरा प्रश्न आपलीच माणसे विचारतात, 'एरिया कसा आहे?' पहिल्या प्रश्नावर आपण पुष्कळ लिहिले आहे, भाषणे केली आहेत, परिषदांतून ठराव केले आहेत. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र आपण वळून पाहत नाही. तो आपल्या घरातला प्रश्न आहे, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे आपण धरून चालतो. गेली दोन वर्षे मी आणि माझे पती घर शोधत होतो. या दोन वर्षांत मला कळून चुकले की, पहिल्या प्रश्नाने आपला अपमान होतो आणि दुसऱ्या प्रश्नाने आपले नुकसान होते. दोन्हींचा हिशेब मांडला पाहिजे.

आधी पहिल्याचा. आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. आडनाव देशमुख. कोकणातल्या मुसलमानांत देशमुख, पाटील, मुकादम, काझी अशी आडनावे सर्रास आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पण मुंबईच्या एजंटांना ते ठाऊक नसते. फोनवर माझे मराठी आणि माझे आडनाव ऐकून समोरचा मनुष्य मधाळ होतो. 'या ना देशमुख मॅडम, रविवारी सकाळी या, मालक स्वतः दाखवतील.' रविवारी आम्ही जातो. वॉचमनच्या वहीत पतीचे पूर्ण नाव लिहिले जाते. एजंट ते वाचतो. त्याचा चेहरा पडतो आणि त्याच्या मोबाइलवर नेमका त्याच क्षणी फोन येतो. 'सॉरी, काल रात्रीच टोकन झाले.' पंधरा दिवसांनी त्याच फ्लॅटची पाटी त्याच गॅलरीत लटकलेली आम्ही पाहिली आहे. असे आमच्या बाबतीत एकदा नाही, पाच वेळा झाले. एका ठिकाणी तर चेअरमनसाहेबांनी चहा पाजून प्रेमाने सांगितले, 'आमचे काही नाही हो, पण बाकीचे मेंबर.' हे बाकीचे मेंबर मुंबईच्या प्रत्येक इमारतीत राहतात आणि ते कधीच कोणाला भेटत नाहीत.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या १५व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बाबतीत धर्म आणि जातीवरून अडवणूक करायला मनाई केली. घराचा उल्लेख तिथे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे २३वे कलम सांगते की, पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. २२व्या कलमानुसार अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. चांगली तरतूद आहे. पण अर्ज करण्याची वेळ घर विकत घेतल्यावर येते. मालकच विकायला तयार नसेल तर अर्ज कशाचा करणार? शिवाय २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फक्त पारशांनाच सभासदत्व देण्याचा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. त्यानंतर एका समाजाची सोसायटी काढणे हा गुन्हा तर राहिला नाहीच, उलट त्याला प्रतिष्ठा आली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने समान संधी आयोगाची शिफारस केली. आज इतकी वर्षे झाली, असा आयोग देशपातळीवर उभा राहिलेला नाही. सरकारे आली, गेली. दार बंदच आहे.

एवढे सांगून मी थांबले असते तर हा लेख वाचून सगळे खूष झाले असते. 'बघा, आपल्यावर कसा अन्याय होतो,' असे म्हणून पान उलटले असते. पण आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

पाचवा नकार मिळाला त्या संध्याकाळी मामू घरी आले होते. ते म्हणाले, 'बेटी, कशाला त्यांच्या दारात जाऊन बेइज्जत होतेस? आपल्या लोकांत घर घे. उद्या काही झाले तर?' मामूंच्या या 'काही झाले तर' मागे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ उभे आहेत. मिश्र चाळीतले त्यांचे घर तेव्हा गेले. श्रीकृष्ण आयोग १९९३ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९९८ मध्ये आला, आणि मामूंना जे ठाऊक होते ते त्यात लिहिलेले निघाले. पण त्यामुळे घर परत मिळाले नाही. ते मुंब्र्याला गेले. त्यांच्यासारखी हजारो कुटुंबे मुंब्र्याला गेली, मीरा रोडच्या नया नगरात गेली, कुर्ल्यात आणि जोगेश्वरीत आपल्या माणसांच्या आडोशाला सरकली. त्या लोकांना 'तुम्ही मोहल्ला करून का राहता?' असे विचारणाऱ्यांची मला चीड येते. जो भाजला आहे त्याला आगीबद्दल व्याख्यान देऊ नये.

पण मामूंची भीती खरी म्हणून त्या भीतीवर चाललेला धंदाही पवित्र ठरतो काय? भीती तीस वर्षांपूर्वीची आहे आणि तिचा धंदा रोज नव्याने होतो. 'मशिदीपासून दोन मिनिटे', 'शंभर टक्के मुस्लिम सोसायटी', 'माहोल एकदम दीनी' अशा जाहिराती आम्ही दोन वर्षांत ढिगाने पाहिल्या. अशाच एका इमारतीत मी बिल्डरच्या माणसाला विचारले, 'बांधकामाची परवानगी दाखवा. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर?' तो हसला. 'मॅडम, सगळे आपलेच लोक आहेत. अल्लाहवर भरोसा ठेवा.' उंट आधी बांध आणि मग भरोसा ठेव, ही शिकवण आपल्याच रसूलांची आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, 'तुम्ही टीचर लोक फार प्रश्न विचारता.'

प्रश्न न विचारल्याने काय होते, ते आपण ४ एप्रिल २०१३ रोजी पाहिले. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. वरचे मजले अजून बांधून व्हायचे होते आणि खाली माणसे राहत होती. त्या इमारतीच्या पायी बिल्डर पकडले गेले, तसे महापालिकेचे अधिकारीही पकडले गेले. पुढे दक्षिण मुंबईत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, ३३ माणसे गेली. ती बेकायदा नव्हती, ती म्हातारी होती. पुनर्विकासाच्या योजनेत होती आणि तरी लोक तिथे राहत होते. दोन्ही ठिकाणी जनाजे उठले तेव्हा आपण नशिबाला दोष दिला. नशिबाचा कागद कोणी पाहिला नाही, पण इमारतीचा कागद पाहता आला असता.

इथे आणखी एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यातले कित्येक दीनदार लोक सुदाच्या भीतीने बँकेचे कर्ज घेत नाहीत. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण या श्रद्धेचा फायदा कोण उठवते ते पाहा. बँक कर्ज देण्याआधी आपल्या वकिलाकडून जमिनीची मालकी तपासून घेते, नकाशा मंजूर आहे का ते पाहते. ज्या इमारतीचे कागद लंगडे असतात तिला बँक दारात उभी करत नाही. मग तीच इमारत आपल्या मोहल्ल्यात 'बिनसुदाची, रोखीची, हप्त्याने' म्हणून विकली जाते. वीस वर्षे दुबईत किंवा कुवेतमध्ये घाम गाळून आणलेले पैसे नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर दिले जातात. नोंदणीकृत करारनामा नाही, इंडेक्स टू नाही. सूद टळला, पण मुद्दलही गेले. कर्ज घेऊ नका हवे तर, पण त्या इमारतीला बँक कर्ज देते का, एवढे तरी विचारून या. हा प्रश्न विचारायला कोणत्याही फतव्याची गरज नाही.

याचा अर्थ बँका धुतल्या तांदळासारख्या आहेत असा नाही. काही बँका ठरावीक वस्त्यांना कर्जासाठी नकोशा भागांत टाकतात, याची नोंद सच्चर अहवालातच आहे. म्हणजे कागद चोख असूनही पिनकोड पाहून अर्ज बाजूला पडतो. म्हणूनच विचारायचे ते नेमके विचारायचे. इमारतीमुळे नाही म्हणता की वस्तीमुळे? इमारतीमुळे म्हणत असाल तर धन्यवाद. वस्तीमुळे म्हणत असाल तर लेखी द्या.

आता 'एरिया' या शब्दाकडे. चांगला एरिया म्हणजे काय? त्यांच्या लेखी चांगला एरिया म्हणजे जिथे आपण नाही. आपल्या लेखी चांगला एरिया म्हणजे जिथे फक्त आपण. दोन्ही व्याख्यांत नळाला पाणी किती वाजता येते हा प्रश्न येतच नाही. माझ्या मते एरिया पाहण्याची रीत निराळी आहे. आम्ही प्रत्येक वस्तीत चार वेळा गेलो. एकदा पहाटे, पाणी येण्याच्या वेळी. एकदा दुपारी, शाळा सुटताना. एकदा रात्री आठनंतर, मी एकटी, स्टेशनपासून इमारतीपर्यंत चालत. आणि एकदा जुलैच्या पावसात. एजंट ज्या वेळी नेतो ती वेळ नेहमी रविवारी सकाळी अकराची असते. त्या वेळी सगळी मुंबई चांगली दिसते.

पहाटे गेले की कळते, पाणी नळाला आहे की टँकरला. दुपारी कळते, मुले कोणत्या शाळेत जातात आणि मुली कितवीपर्यंत दिसतात. मी शिक्षिका असल्यामुळे शाळेत शिरून मुतारी पाहून येते. मुलींच्या मुतारीला कडी आणि पाणी असेल तर ती वस्ती बरी, असा माझा अनुभव आहे. रात्री कळते, रस्त्यावर दिवा आहे का आणि माझ्या बरोबरीने आणखी किती बायका चालत आहेत. पावसात गटार कोणत्या बाजूला वाहते हे आपोआप दिसते. मग सरकारी दवाखाना, प्रसूतिगृह, बँक, वाचनालय, मैदान. यातल्या एकाही गोष्टीला धर्म नाही. पण यादी करून दोन वस्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की धर्म कागदावर उमटतो, आणि आपल्याला वाईट वाटते.

तो का उमटतो? 'ते लोक घाणच करतात' हे उत्तर मी स्टाफरूममध्ये, लोकलमध्ये आणि दुर्दैवाने आपल्यातल्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकले आहे. खरी साखळी वेगळी आहे. शहराने दारे बंद केली, म्हणून माणसे थोड्या जागेत दाटली. दाटी झाली म्हणून जागेला भाव आला. भाव आला म्हणून परवानगीशिवाय मजले चढले. परवानगी नाही म्हणून पालिकेने नळ, गटार, रस्ता नाकारला. नळ, गटार नाही म्हणून घाण झाली. घाण झाली म्हणून शहर म्हणाले, बघा, म्हणूनच आम्ही दारे बंद ठेवतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग, म्हणजे आपले गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, सगळ्यांत तळाला होता. साऱ्या शहराचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या देवनारला आणून टाकायचा आणि त्याच्या काठी राहणाऱ्यांना घाणेरडे म्हणायचे, हा न्याय मुंबईचा. आणि मोहल्ला स्वस्त असतो हा गैरसमजही काढून टाका. ज्या पैशांत दुसरीकडे गॅलरी, पार्किंग आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळते, त्याच पैशांत आपल्याला जिन्याखालची अंधारी खोली मिळते. हा नाव पाहून लावलेला कर आहे आणि तो वसूल करणाऱ्यांत आपलेही बिल्डर आहेत.

आता सगळ्यांत कडू भाग. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी पथिकाश्रमात राहिले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना घालवले. हा प्रसंग आपण परिषदांतून मोठ्या आवाजात सांगतो. पण त्यांनीच लिहून ठेवलेला १९३४ चा दौलताबादचा प्रसंग आपण सांगत नाही. रमजानचे दिवस होते. किल्ल्याजवळच्या हौदावर बाबासाहेबांच्या काही सहकाऱ्यांनी तोंड-पाय धुतले म्हणून त्यांच्यावर धावून आलेले लोक मुसलमान होते. पाणी बाटले म्हणून ओरडणारा म्हातारा पांढऱ्या दाढीचा होता. ते आपले पूर्वज होते.

आणि ते गेले असे समजू नका. मुस्लिम मालकांच्या इमारतींत मी माझ्या कानांनी ऐकले आहे, 'भंगी-चांभारांना देत नाही', 'यूपीवाल्यांना नको, गर्दी करतात', 'एकट्या बाईला नको', 'ती वेगळ्या फिरक्याची माणसे आहेत'. एका ठिकाणी कोकणी जमातीची इमारत म्हणून आम्हाला मानाने बसवले. बाहेर पडताना जिन्यात एक बिहारी कुटुंब उभे होते, त्यांना वॉचमननेच परत पाठवले. चेअरमनसाहेब आम्हाला म्हणाले, 'आमचे काही नाही, पण बाकीचे मेंबर.' तेच वाक्य! एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी पतीकडे पाहिले. ते घर आम्ही घेतले नाही. ज्या वाक्याने पाच वेळा आमचे तोंड कडू केले त्या वाक्याच्या आडोशाला राहण्याची आमची हिंमत झाली नाही.

मला विचारले जाते, 'तू उर्दू शाळेत शिकवतेस आणि मिश्र वस्तीच्या गोष्टी करतेस? सगळे असे बाहेर गेले तर उर्दू शाळांचे काय?' प्रश्न रास्त आहे. माझी रोजीरोटी आणि माझी मोहब्बत दोन्ही त्या शाळेत आहेत. पण त्याच शाळेतली एक गोष्ट सांगते. सातवीच्या वर्गाला मी मराठीत 'माझा शेजारी' हा निबंध दिला. एकेचाळीस वह्या आल्या. त्या एकेचाळीस वह्यांत एकही शेजारी मुसलमानेतर नव्हता. दोन वह्यांत दिवाळीच्या फराळाचे ताट आले होते, तेही मार्गदर्शकातून उतरवलेले. ही मुले मुंबईत जन्मली, मुंबईत वाढली. त्यांच्या मराठीला बोलायला माणूस नाही म्हणून त्यांचे मराठी कच्चे राहते, आणि मराठी कच्चे म्हणून पुढे नोकरीच्या मुलाखतीत ती गप्प बसतात. उर्दू शाळा मोहल्ल्याच्या भिंतीमुळे जगत असेल तर ती शाळा नाही, आडोसा आहे. ती चांगले शिकवते म्हणून जगली पाहिजे. चांगली असेल तर मुले दोन स्टेशने ओलांडून येतील. इंग्रजी शाळांकडे जातातच ना?

सुरक्षिततेचा प्रश्न उरतो. एकत्र राहिलो की सुरक्षित, असे मामू म्हणतात. एकत्र राहिलो की पालिकेला, बँकेला आणि पोलिसांनाही एका रेषेत वेगळे काढता येतो, हेही तितकेच खरे आहे. अहमदाबादचे जुहापुरा १९७३ च्या पूरग्रस्तांसाठी वसले तेव्हा तिथे दोन्ही धर्मांची माणसे होती. दंगलीमागून दंगल झाली आणि आज ते एकाच समाजाचे शहर आहे. शेजारच्या वस्तीपासून त्याला तोडणाऱ्या रस्त्याला लोक 'बॉर्डर' म्हणतात. मला माझ्या मुलीला बॉर्डरच्या आत वाढवायचे नाही. बाहेर धोका आहे हे मला कळते. आतही धोका आहे, तो रोज थोडा थोडा होतो म्हणून दिसत नाही, एवढेच मी मामूंना सांगते.

मग मागायचे काय? सरकारकडे आपण एकच गोष्ट ठासून मागावी. घर विकताना आणि भाड्याने देताना धर्म, जात, आहार यांवरून नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा. त्याखेरीज, म्हाडा आणि सिडकोची घरे वाढवा, असे सांगावे. सोडतीत चिठ्ठी निघते तेव्हा शेजारी कोण हे कोणी चेअरमन ठरवत नाही. या शहरात मिश्र शेजार घडवण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसलेला नाही. आम्हीही सोडतीत अर्ज भरला होता, आमचे नाव लागले नाही. तरी त्या यादीत देशमुख, शेख, कांबळे, नायर एकाखाली एक छापलेले पाहून बरे वाटले होते.

आणि आपण आपल्याकडे काय मागावे? जुम्म्याच्या खुतब्यात कधीतरी भोगवटा प्रमाणपत्रावर बोला. बेकायदा इमारत विकणाऱ्याकडून मशिदीसाठी चंदा घेऊ नका, त्याने फरशी कितीही चांगली बसवून दिली तरी. जमातीच्या इमारतींतून जात, प्रांत, फिरका पाहणे बंद करा. २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदलेला प्रकल्प कोणता, हे तपासायला कोणत्याही कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर दोन मिनिटे लावतो. प्रत्येक मोहल्ल्यात अशी चार मुले शनिवार-रविवारी बसवा. हे काम तबलीगहून कमी सवाबाचे नाही, असे मी समजते.

आम्ही शेवटी पनवेलच्या बाजूला घर घेतले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे. नळाला सकाळी एक तास पाणी येते. वरच्या मजल्यावर साताऱ्याचे कुटुंब आहे, समोर एक केरळी नर्स राहते. मशीद चालत वीस मिनिटांवर आहे. शाळेत पोचायला मला हार्बर लाईनने सव्वा तास लागतो आणि पाय दुखतात. मामू अजून नाराज आहेत, पण ईदला आले होते. घर पाहून झाल्यावर त्यांनी खिडकीतून खाली पाहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, 'एरिया कसा आहे?'

मी म्हटले, 'मामू, गटार झाकलेले आहे.'